आडे सरांची सही

सरावाच्या मैदानावर आडे सर रोज सकाळी एकच प्रश्न विचारायचे. "आज कोणाले भेव लागून राह्यलं?" आणि कुणी हलायच्या आत स्वतःचाच हात वर करायचे. उभी नोकरी आगीपुढे काढलेला माणूस असा हात वर करून उभा राहिला की नवीन मुलं हसायची. मग हळूहळू एकेक हात वर जायचा. ज्यांचा जायचा, त्यांना सर आपल्या शेजारी घेऊन शिडीवर चढवायचे. ज्याचा जात नसे, त्याला दिवसभर पाण्याचे पाइप गुंडाळायला बसवायचे. "याले भेवच नाई. हा मरीन तं मरीन, अजून दोघाले घेऊन जाईन," असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशी मी छाती काढून उभा होतो. संध्याकाळपर्यंत पाइप गुंडाळले.

यवतमाळच्या आमच्या अग्निशमन प्रशिक्षण केंद्रात ते मुख्य प्रशिक्षक होते. ढाणकीकडच्या एका तांड्यावर वाढलेले. बुटके, रुंद, आणि डावी भुवई कधीतरी जळाली ती पुन्हा आलीच नाही, त्यामुळे चेहऱ्यावर कायमचा अर्धा प्रश्न. आमच्या घरात आजोबा तहसिलीत, वडील जिल्हा परिषदेत. म्हणून मी त्यांचा सहायक प्रशिक्षक झालो तरी ते मला "बाबूसाहेब" म्हणत. नवीन दोरी आली की आधी ते स्वतः तिला लोंबकळायचे. साठीला टेकलेला माणूस असा हवेत झुलताना बघून मला लाज वाटायची. एकदा म्हटलं, "सर, दोरीबरोबर कंपनीचा कागद आलाय." ते वरूनच म्हणाले, "मायनं पोरगं माझ्या हवाली केलं, बाबूसाहेब. कागदाच्या हवाली नाई."

कागदावर माझा फार विश्वास होता. तो नेरच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, उतरला.

जिनिंगचा हंगाम सुरू व्हायच्या आधी कामगारांना आगीचं प्रशिक्षण दिल्याची प्रमाणपत्रं लागतात. ती द्यायची एक ठरलेली रीत पडून गेली होती. तासभर भाषण, एका पत्र्याच्या ट्रेमध्ये आग लावून विझवणं, लाल सिलिंडर हातात धरून सगळ्यांचा फोटो, आलूबोंडे, आणि प्रमाणपत्रांचा गठ्ठा. सर भाचीच्या लग्नाला तांड्यावर गेले होते, म्हणून मी एकटा गेलो. मालक शेठजींनी यादी दिली. मी चाळीस प्रमाणपत्रांवर दहा मिनिटांत सह्या ठोकल्या आणि मुख्य प्रशिक्षकाची जागा सरांसाठी रिकामी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सरांनी गठ्ठा हातात घेतला. "यातले किती जण शिडी उतरले?"

"शिडी नव्हती, सर."

"कापूस निवडणाऱ्या बाया कुठं आहेत?"

"यादीत नव्हत्या."

"हा गंगाराम. दिसे कसा?"

मी यादी चाळू लागलो. सरांनी जिनिंगच्या चौकीदाराला फोन लावला. गंगाराम मागच्या हंगामातच काम सोडून राजूरला कोळशाच्या खाणीवर गेला होता. यादी गेल्या वर्षीची होती. मी न पाहिलेल्या माणसाला आग विझवायला शिकवल्याची सही करून बसलो होतो. माझे कान तापले. गठ्ठा फाडायला हात घातला, तर सरांनी मनगट धरलं.

"सरकारी कागद फाडाचा नाई. रद्द कराचा, अन् काहून रद्द केला ते लिहाचं. स्वतःच्या हातानं."

मी चाळीस वेळा लिहिलं, "प्रशिक्षण न देता सही केली." खाली माझं नाव. शाळेतही मला कधी इतकं लिहावं लागलं नव्हतं.

शेठजी वाईट माणूस नव्हता, घाईतला होता. कापूस दारात येऊन पडलेला आणि प्रमाणपत्रं रद्द. त्याने वर तक्रार केली की मुख्य प्रशिक्षक मुद्दाम अडवणूक करत आहेत. सरांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. नोटीस आली. चौकशी विरुद्ध गेली असती तर ज्या माणसाने अर्ध्या जिल्ह्याचे जवान घडवले, तो ठपका घेऊन घरी गेला असता. चूक माझी होती आणि मान त्यांची कापली जाणार होती. मी म्हटलं, "सर, मी लेखी देतो."

"ते तं दे. खरं आहे ते. पण नाई म्हणणारा मी होतो. ते माझ्याच नावावर राहू दे."

त्यांचं नोटिशीचं उत्तर अर्ध्या पानाचं होतं. मी शुद्ध मराठी करून द्यायला निघालो, ते त्यांनी करू दिलं नाही. "सही म्हणजे साक्ष. उद्या त्या शेडमध्ये एखादी बाई जळाली तं कोर्टात वकील मले विचारीन, हिले बाहेर निंगाले तुमी शिकवलं होतं का? मी काय सांगू, फोटोत होती? मले तीन दिवस द्या. जिनिंगमध्येच शिकवतो. चौथ्या दिवशी तुमी सोता पाहा, अन् मंग लिहा काय लिहाचं ते." चौकशीला नेमलेल्या मॅडम अनुभवी होत्या. त्यांनी ते मान्य केलं.

त्या तीन दिवसांत सरांनी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. कापूस पेटला की कामगार पोती घेऊन तो झोडपायला धावतात, माल वाचावा म्हणून. आणि कापूस उडून आग दहा ठिकाणी पसरते. वरून विझलेली दिसते, पण आतून चालत राहते. सर सांगायचे, "कापूस पुढच्या साली पुन्हा येते. आमचा आजा बैलांवर मीठ लादून फिरे. मुक्काम हालाच्या आधी माणसं मोजे, मंग गोणी."

बाहेर आल्यावर माणसं मोजायचं काम सुपरवायझर आपलंच समजून बसला होता. सरांनी ते कलाबाईला दिलं. ती निवडणाऱ्या बायांमधली सगळ्यात जुनी. ती घाबरली. "मले लिहता येत नाई, सायेब. सही तेवढी येते."

"मोजता येते ना? चौकीदार किती आत गेले ते सांगीन. तू बाहेरचे मोज. जुळले तं सही कर. नाई जुळले तं कोणाच्या बापाच्यानं करू नको."

चौथ्या दिवशी दुपारी मॅडम आल्या. भोंगा वाजला आणि माणसं बाहेर निघाली. कुणी पोतं उचललं नाही, कुणी चपला शोधल्या नाहीत. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. कलाबाईने रांगेवरून बोट फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं. "चौसष्ट आत गेलते. बाहेर त्रेसष्ट."

सुपरवायझर म्हणाला, "शेड पाहून आलो मी. कोणी नाई आत."

शेठजी पुढे आला. "चौकीदारानं एखादी नोंद जास्त केली असन. कर सही, मॅडम उभ्या हायत."

"मी सही नाई करत."

"अवो, तुझ्या एका सहीसाठी सगळं अडून राह्यलं."

"अडू द्या," कलाबाई म्हणाली. आवाज कापत होता, पण कागद तिने पदराखाली धरला. "मले त्रेसष्टच दिसून राह्यले."

मी सरांना शोधू लागलो. एका माणसापायी त्यांची सगळी नोकरी मातीत जाणार होती आणि ते कुठेच दिसेनात. खरं सांगतो, बाईला 'कर सही' म्हणायला माझीही जीभ उचलली होती. तेवढ्यात कलाबाईने चौकीदाराला वही वाचायला लावली. एकेक नाव, एकेक 'हाय'. पहिल्याच पानावर, बायांच्याही आधी सकाळी आत गेलेलं एक नाव होतं, आणि त्याला कुणी ओ दिली नाही. "आडे, प्रशिक्षक."

मी श्वसनयंत्र पाठीला लावून धावलो. शेडच्या टोकाला, कापसाच्या गाठींच्या मागे, सर भिंतीला टेकून बसले होते. डोक्यावर रुमाल, मिशीत कापूस. मला वाटलं, त्यांना काहीतरी झालं. त्यांनी डोळे उघडले.

"सही केली का तिनं?"

"नाही. सगळे मागे लागले. नाही केली."

"मंग झालो मी रिटायर," ते म्हणाले, आणि इतके मोठ्याने हसले की मागच्या खिडकीशी लक्ष ठेवायला उभा केलेला आमचा जवानही हसायला लागला. आपण कुठे बसणार, किती वेळ बसणार, देखरेखीला कोण असणार, हे सगळं सरांनी सकाळीच बंद पाकिटात लिहून मॅडमकडे पाठवलं होतं. मला तेवढं सांगितलं नव्हतं.

बाहेर येताच कलाबाईने त्यांना रांगेच्या शेवटी उभं केलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. जिल्ह्यातले जवान ज्यांच्यापुढे ताठ होत, ते सर तिच्यापुढे ताठ उभे होते. "चौसष्ट," ती म्हणाली, आणि खाली बसून, एकेक अक्षर कोरत तिने सही केली. बायांनी टाळ्या वाजवल्या. शेठजीनेही वाजवल्या. मॅडमनी तिथेच टेबल मागवून तक्रार निराधार असल्याचं लिहिलं. सरांनी ते वाचलंसुद्धा नाही; ते कलाबाईचा कागद बघत होते, आणि त्यांचे डोळे भरले होते. त्यांच्या नोकरीतला एवढा मोठा दिवस मी दुसरा पाहिला नाही.

मग त्यांनी त्रेसष्ट नवी प्रमाणपत्रं माझ्यापुढे ठेवली आणि स्वतःचं पेन दिलं. "पहिले तुमची, बाबूसाहेब."

मी एकेक नाव मोठ्याने वाचलं. ते माणूस पुढे येईपर्यंत थांबलो, मान वर करून चेहरा बघितला, आणि मगच सही केली. पाऊण तास लागला. सर शेजारी उभे होते, आणि त्यांनी मला एकदाही घाई केली नाही.