बरगडीच्या खाली

चेंडू डॅरिनच्या डाव्या कुशीत बसला, तेव्हा जो आवाज आला तो रोझेला थेलेनला ओळखीचा वाटला. शाळेच्या स्वयंपाकघरात गोठलेल्या मांसाचा गठ्ठा ओट्यावर आपटला की असाच आवाज येतो. बाकांवर दोनशे माणसं होती. मग कुणीतरी टाळी वाजवली, मग चौघांनी, मग सगळीकडून टाळ्या आल्या, चर्चमध्ये प्रवचन संपल्यावर लोक खोकतात तशा, दबलेल्या, सुटका झाल्यासारख्या. चेंडू फेकणारा कर्ट होता, तिचा मुलगा. आणि गुडघ्यावर टेकलेला डॅरिन, तिचा जावई.

रोझेलाचं वय एकसष्ट. मिनेसोटातल्या मीरबाख गावात जन्मली, तिथेच नांदली, तिथेच विधवा झाली. सव्वीस वर्षं तिने शाळेतल्या पोरांना दुपारचं जेवण वाढलं. कोण मटार टेबलाखाली ढकलतो आणि कोण घरून उपाशी आलाय, हे तिला ताटावरून कळायचं. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिसा, दुपारी बेसबॉल आणि संध्याकाळी तिच्या टेबलावर सगळ्यांचं जेवण, हा क्रम नवरा गेल्यावरही मोडला नाही. नवरा नॉर्बर्ट हा गावाच्या संघाचा पिचर, चेंडू फेकणारा. त्याच्यानंतर ती जागा कर्टने घेतली. मुलगी जॅनेल सात मैलांवरच्या सेंट लॅम्बर्टला दिलेली, आणि तिचा डॅरिन त्या गावाचा सगळ्यात भरवशाचा फलंदाज. म्हणजे दर उन्हाळ्यात दोनदा मुलगा एका बाजूला आणि जावई दुसऱ्या. लोक चिडवायचे, "रोझेला, आज टाळ्या कुणासाठी गं?" ती म्हणायची, "जो आधी भांडी घासेल त्याच्यासाठी."

खेळाचे काही नियम पुस्तकात असतात आणि काही कुणीच कधी लिहून ठेवत नाही. दुसरे रोझेलाला माहेरच्या रीतिरिवाजांसारखे पाठ होते. होमरन मारून, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार धाडून, तो कौतुकाने बघत उभा राहिलास, तर पुढच्या खेपेला पाठीत चेंडू खायचा आणि तक्रार करायची नाही. पण डोक्याजवळ फेकायचा नाही. तसा कुणी फेकलाच, तर त्याच्या संघातल्या सगळ्यात चांगल्या फलंदाजाने परतफेड सोसायची. ती बरगडीच्या खाली, मांसल जागी. ज्याला लागलं त्याने निमूट पहिल्या बेसवर, म्हणजे पळण्याच्या पहिल्या टप्प्यावर, चालत जायचं, दुखरी जागा चोळायची नाही. नवे पाद्रीबाबा गावात आले तेव्हा हे सगळं तिनेच त्यांना हसत हसत समजावलं होतं. "आमचा नॉर्बर्ट चेंडूसुद्धा अदबीने मारायचा," असं वर म्हणाली होती.

त्या दिवशी पाचव्या डावात मीरबाखच्या रॉजरने चेंडू कुंपणापार मारला आणि तो तंबाखू चघळत तिथेच उभा राहिला, लांबवर बघत. "आता खा," शेजारचा म्हातारा म्हणाला. रॉजरची पाळी पुन्हा आली. सेंट लॅम्बर्टचा पिचर कोरी एकोणीस वर्षांचा, ताडमाड. त्याचा चेंडू कुठे जाईल हे त्यालाही ठाऊक नसायचं. पाठीत मारायचा चेंडू रॉजरच्या कानाला चाटून गेला. शिरस्त्राण उडून मातीत गरगरत राहिलं. रॉजर बसला तो मिनिटभर उठेना. उठला तेव्हा धडधाकट होता, पण मैदानावरच्या प्रत्येकाची मान एका बाजूला वळली होती. डॅरिनच्या.

"कर्ट काही त्याला मारायचा नाही," रोझेला म्हणाली.

शेजारी बसलेली जॅनेल मीरबाखच्या बाकाकडे बघत होती.

"तुझ्या लग्नात अंगठी कर्टनेच सांभाळली होती. आपल्या माणसाला कुणी मारतं का? बाजूने सोडेल एखादा, झालं."

"आई, तुला सरबत आणू?" म्हणून जॅनेल उठली. खाली उतरली, मीरबाखच्या बाकामागच्या जाळीपाशी जरा रेंगाळली आणि हात हलवत परत आली. "संपलंय सरबत."

मग डॅरिन खेळायला आला, आणि पहिलाच चेंडू.

तो उठला. बॅट हळूच जमिनीवर ठेवली आणि पहिल्या बेसकडे चालायला लागला. हात कुशीकडे गेला नाही. अंपायरने दोन्ही बाकांकडे बघून तळहात दाखवला, पुरे. कर्टने नवा चेंडू घेतला, विजारीला हात पुसला आणि पुढच्या फलंदाजाकडे वळला. दूधसंघात सकाळी कॅन मोजताना त्याचा चेहरा असतो, तसाच होता. इतकी वर्षं तिने हे पाहिलं होतं, टाळ्याही वाजवल्या होत्या. पण ज्याला लागतो तो कुणाचातरी जावई असतो, हे आज पहिल्यांदा तिच्या डोक्यात शिरलं.

सामना संपायच्या आतच ती घरी आली. मांस सकाळपासून ओव्हनमध्ये शिजत होतं. बटाटे कुस्करता कुस्करता तिचा हात थांबला. कर्ट बारा वर्षांचा असताना नॉर्बर्टने तिच्याकडून एक पेंढ्याचा माणूस शिवून घेतला होता, त्याच्या जुन्या शेतकामाच्या कपड्यांचा. कपडे वाळत घालायच्या खांबाला तो टांगला. कमरेवर, बरगडीच्या खाली, लाल ठिगळ लावायला सांगितलं. "कशाला रे?" तिने विचारलं होतं. "पोराचा नेम सुधारायला." तिने ते ठिगळ दुहेरी दोऱ्याने शिवलं, उसवू नये म्हणून. संध्याकाळी खिडकीत उभी राहून दहातले किती लागले ते मोजायची. नऊ लागले त्या दिवशी तिने केक केला होता.

नेमासाठी माणसाचाच आकार कशाला, आणि ठिगळ बरगडीखालीच कशाला, हा प्रश्न तिला एकोणीस वर्षांत पडला नव्हता. आता पडला.

तिने तीनच ताटं मांडली. मनाशी ठरवलं, कर्ट डॅरिनची माफी मागेपर्यंत त्याला वाढायचं नाही. आज हे गिळलं तर या टेबलाला घर म्हणायचं कशाला?

जॅनेल आपल्या गाडीने आली आणि मुकाट्याने काटे-सुऱ्या मांडायला लागली. मागोमाग एकच ट्रक अंगणात शिरला आणि त्यातून दोघे उतरले, कर्ट आणि डॅरिन, हसत.

"आई, माझं ताट?" कर्टने विचारलं.

"आधी त्याची माफी माग."

दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं, जणू तिने त्यांना कपडे काढून जेवायला बसायला सांगितलंय.

"माफी मागितली तर हा चिडेल," कर्ट म्हणाला.

"चिडेनच," डॅरिन म्हणाला. "आई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्याने बाजूने सोडला असता ना, तर आमची पोरं जन्मभर म्हणाली असती, बायकोच्या पुण्याईवर वाचला."

"आणि मी गप्प बसलो असतो तर?" कर्ट म्हणाला. "कोरीने रॉजरचं डोकं फोडलंच होतं. मग पुढच्या वेळी आमच्यातला कोण?"

"पण घरच्या माणसाला!"

"घरचा आहे म्हणून तर जास्त, आई. परक्याला मारलं आणि घरच्याला सोडलं, तर माझ्या संघात मी तोंड कुठे दाखवू?"

रोझेला लेकीकडे वळली. निदान इथे तरी तिला साथ मिळेल असं तिला वाटलं. "ऐकतेस ना? तुझ्या नवऱ्याला जनावरासारखं मारलंय याने, आणि कारणं सांगतोय."

जॅनेल ताटाच्या डावीकडचा काटा सरळ करत होती. "मीच सांगितलं त्याला."

"काय सांगितलंस?"

"जाळीपाशी जाऊन. म्हटलं, मारायचंच आहे तर पहिल्याच चेंडूत मार, ताटकळत ठेवू नकोस. मागच्या खिशावर मार. हाताला लावू नको, उद्या गवताचे गठ्ठे उचलायचेत."

हे तिने अशा आवाजात सांगितलं की जणू गिरणीवाल्याकडे निरोप दिला होता, पीठ जाड दळ म्हणून. रोझेलाला आपलीच मुलगी क्षणभर ओळखू येईना. जी पोर कोंबडी कापताना माळ्यावर जाऊन बसायची, ती हीच का?

"बसा आता, गार होतंय," जॅनेल म्हणाली. तिने चौथं ताट स्वतःच काढलं, आणि रोझेलाच्या तोंडून नाही निघालं नाही.

डॅरिनने बटाट्यांच्या भांड्याकडे हात लांबवला आणि मध्येच थांबला. श्वास आत गेला तो बाहेर येईना. ओठ पांढरे झाले.

"शर्ट वर कर," रोझेला म्हणाली.

"काही नाही हो."

"वर कर म्हणते ना."

कुशीवर तळहाताएवढी काळीनिळी सूज होती, आणि तिच्या मधोमध चेंडूच्या शिवणीचे टाके उमटले होते. मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. तिने दोन बोटांनी हलकं दाबलं, तर बोटांखाली काहीतरी सरकलं. डॅरिनने टेबलाची कड घट्ट धरली.

"मोडलीय," ती म्हणाली. "बरगडी मोडलीय याची."

कर्ट उठून उभा राहिला. मैदानावर जो चेहरा ढिम्म होता तो आता राखेसारखा झाला. "मी खिशावर टाकला होता," तो म्हणाला. "शपथ. बोटांतून निसटला, वर गेला. माफ कर डॅरिन. माझी चूक झाली."

आली माफी. ज्याच्यासाठी तिने ताट अडवलं होतं, त्यासाठी नाही. नेम चुकला म्हणून.

"चालायचंच," डॅरिन धापा टाकत म्हणाला. "घाम होता बोटांना."

"उद्या गठ्ठे मी उचलतो."

"साडेपाचला ये. दव सुकायच्या आत यंत्राला तेल घालू."

झालं. दोन माणसांचं मिटलं. रोझेला हातात पळी घेऊन तशीच उभी. त्यांच्यातला राग शोधायला गेली तर राग कुठे नव्हताच, आणि ते तिला सगळ्यात भयंकर वाटलं. रागाचं तिला काहीतरी करता आलं असतं.

जॅनेल मात्र जेवत नव्हती. "हे सेंट लॅम्बर्टला कळता कामा नये," ती म्हणाली. "खिशावर लागणं वेगळं. बरगडी मोडली म्हणजे जास्त झालं. कळलं, तर अठ्ठावीस तारखेच्या सामन्यात आमची पोरं कर्टला सोडणार नाहीत."

"सोसेन," कर्ट म्हणाला.

"फेकणार कोण आहे माहितीय ना? कोरी."

रोझेलाच्या डोळ्यांपुढे ते शिरस्त्राण मातीत गरगरायला लागलं. आणि त्याच वेळी फोन वाजला.

ती सगळ्यात जवळ होती, तिनेच उचलला. पलीकडे विल्फर्ड, सेंट लॅम्बर्टच्या संघाचा कारभारी, तिचा शाळासोबती.

"रोझेला, डॅरिन तुझ्याकडेच ना? कसा आहे तो? आमची पोरं इथे विचारतायत. चेंडू जरा वर लागला म्हणतायत."

रोझेलाने टेबलाकडे बघितलं. तीन चेहरे तिच्याकडे लागले होते. सकाळीच तिने मिसाला वेदीपुढे गुडघे टेकले होते.

"वर कुठला," ती म्हणाली. "बरगडीच्या खाली लागलाय, अगदी जिथे लागायचा तिथे. तिसऱ्यांदा बटाटे घेतोय तुझा डॅरिन. मांसाच्या शेवटच्या तुकड्यावरून दोघांची भांडणं चाललीयत."

विल्फर्ड हसला. "नॉर्बर्टचा पोरगा शेवटी. म्हणजे फिटलं म्हणायचं?"

"फिटलं," रोझेला म्हणाली. "तुझ्या पोरांना सांग, जेवा आणि झोपा."

तिने फोन ठेवला. आवाज जरासुद्धा कापला नव्हता. मध्ये ते भांडणांचं कुठून सुचलं, हे तिचं तिलाच कळेना.

"छान बोललात, आई," डॅरिन कूस धरून म्हणाला. कर्टने तिच्यासाठी खुर्ची मागे ओढली, आणि जॅनेलने तिच्या ताटात सगळ्यांच्या आधी वाढलं, पाहुण्याला वाढतात तसं नाही, कामावरून आलेल्या माणसाला वाढतात तसं.

रोझेला बसली नाही. ती फोनपाशीच उभी राहिली, एकदा लाल ठिगळ शिवणाऱ्या आपल्या हाताकडे बघत.