ग्रहणात चिरलेले बोंबील

माझं पहिलं पोर तिसऱ्या महिन्यातच गेलं, आणि त्याचं खापर माझ्या माथी फुटलं. मी पपईच्या दोन फोडी खाल्ल्या होत्या. पिकलेल्या, चांगल्या गोड. सासू खारच्या बाजारात मासळी विकायला बसायची, त्यामुळे आठवड्याभरात सगळ्या खारदांडा कोळीवाड्याला कळलं की हिने जिभेपायी पोर घालवलं. मलाही ते पटलं होतं. मी त्यानंतर पपईकडे बघितलंही नाही.

वर्षभरात धाकट्या दिराचं लग्न झालं आणि जावेला लगेच दिवस गेले. मी जळून खाक झाले. दुसरा शब्द नाही त्याला. घरात गाबोळी, माशाची अंडी, आली की ती तिच्या ताटात. तिने वाकायचं नाही, पाण्याची कळशी उचलायची नाही, हात वर करून कपडे वाळत घालायचे नाहीत, नाहीतर म्हणे नाळ पोराच्या गळ्याला गुंडाळते. ते कपडे मग मीच वाळत घालायचे. ती गोड बोलायची, ‘वैनी, वैनी’ करत मागे फिरायची, आणि त्याचाही मला राग यायचा.

ऐंशी सालचं सूर्यग्रहण लागलं तेव्हा तिला सातवा सरत आला होता. दुपारची वेळ. लोकांनी घरात राहावं म्हणून टीव्हीवर सिनेमा लावला होता, म्हणून घरचे सगळे ग्रहण लागायच्या आधीच शेजारच्या टीव्हीसमोर जाऊन बसले. जायच्या आधी सासूने आमच्या खिडक्यांना गोधड्या लावल्या आणि मला बजावलं, “हिच्यावर नजर ठेव. खायचं नाय, चिरायचं नाय. विळीला हात लावला तर पोराचा ओठ फाटतो.”

मी मोरीतून पाय धुऊन आले, तर ही बाई चुलीपाशी विळीवर बसलेली. सुक्या बोंबलांची डोकी, शेपट्या कचाकच उडवत होती. मला बघून हसली.

“भूक लागलीय गं वैनी. दोन भाजते. आईंना सांगू नको ना.”

मी तिला हाताला धरून उठवायला हवं होतं. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि मनात म्हटलं, चिर. माझं गेलं, आता तुझंही बघू. मग सांगत नाही अशी मान हलवली. तिने एक बोंबील माझ्यापुढेही धरला. मी घेतला नाही. बोंबलाचा वास आमच्या घरात बारा महिने असायचा, कुणाला संशयसुद्धा आला नाही.

त्यानंतरचे दोन महिने माझे वाईट गेले. तिचं पोट दिसलं की मला फाटलेला ओठ दिसायचा. हे मी केलं, असं वाटायचं. आणि तरी गाबोळी तिच्या ताटात पडली की पुन्हा पोटात आग.

मुलगी झाली. दवाखान्यात मी आधी तिचा ओठ बघितला. धड होता, अगदी रेखीव. जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ असा संताप आला की बस. ही ग्रहणात विळीवर बसली तरी हिचं पोर धड, आणि माझं दोन फोडींनी गेलं?

डॉक्टरीणबाई तपासायला आल्या तेव्हा सासूसमोरच मी विचारलं. ग्रहणाचंही आणि पपईचंही. त्या म्हणाल्या, “पोराचे ओठ पहिल्या दोन-तीन महिन्यांतच जुळतात, ग्रहणाचा त्याच्याशी संबंध नाही. कच्च्या पपईचा चीक टाळावा, पण पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनी काही होत नाही. सुरुवातीला पुष्कळदा गर्भच नीट वाढत नाही. त्यात आईची काही चूक नसते.”

त्या गेल्यावर सासू म्हणाली, “पुस्तकं वाचून काय कळतंय यांना?”

खाटेवरून जाऊ म्हणाली, “आई, मी ग्रहणात बोंबील चिरले. भाजून खाल्ले पण. बघा, हिला काय झालंय? मग वैनीला पपईवरून कशाला बोलता? वर्षभर ऐकतेय मी.”

सासूने पोरीचं तोंड उजेडाकडे वळवून नीट बघितलं. मग माझ्याकडे वळली.

“तुला नजर ठेवायला सांगितलं होतं. तू बघितलं नाय?”

मी पोरीचं दुपटं नीट करायला लागले.

“बघितलं ना,” जाऊच म्हणाली. “पण वैनी माझी शहाणी आहे. असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नाय, म्हणून गप्प राहिली. हो ना गं वैनी?”

माझा पूर्ण विश्वास होता. मी हो म्हटलं.