चराकाठची वाट

मैत्रेयी माझ्याशी कायम इंग्रजीत बोलायची. मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, ती फार घाईत असली तर डचमध्ये, असा आमचा रिवाज होता. जानेवारीत नागपूरहून तिचा फोन आला तेव्हा मी मुलीला शाळेत सोडून येऊन सायकल लावत होते. पलीकडून ती म्हणाली, "मावशी, आई गेली." पुढचंही सगळं ती मराठीतच बोलली. पहाटे गेली, बाबा जवळ होते, शेवटचे दोन दिवस ती बोलत नव्हती... फोन ठेवल्यावर सायकलला कुलूप लावलं, वर गेले आणि कुकर लावला. रडू आलं ते दुपारी, खिडकीतून समोरच्या शेताकडे पाहताना.

मैत्रेयीची आई म्हणजे डॉ. सुजाता मेश्राम. वाखनिंगनच्या विद्यापीठात त्या मातीवर संशोधन करत. मी त्यांना सुजाताताई म्हणायचे. २००३ साली माझ्या नवऱ्याला, हेमंतला, आर्नहेममध्ये नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून इकडे डच मुलखात आलो. पहिले काही महिने मला इथे एकही मराठी माणूस माहीत नव्हतं. शनिवारच्या बाजारात मी माझ्या मुलीला रागावत होते. माझ्या मागून आवाज आला, "पुण्याच्या का?" वळून पाहिलं तर काळ्याभोर केसांची, पुरुषी रेनकोट घातलेली एक बाई पालकाच्या जुड्या निवडत होती. ओळख करून देण्याआधीच तिनं मला सांगितलं, की इथे पालक शेवटच्या ठेल्यावर घ्यायचा, तिथे माती कमी असते. मातीचा अभ्यास करणारी बाई भाजीत माती नको म्हणते, याचं हसू मला पुढे बरेच दिवस येत असे.

त्यांचे यजमान नागपुरात कॉलेजात शिकवत आणि उन्हाळ्यात इकडे येत. एरवी घरात त्या आणि मैत्रेयी. आमच्याकडे गणपती बसायचा तेव्हा सुजाताताई आरतीला यायच्या नाहीत. जेवायला मात्र हक्कानं यायच्या आणि मोदक डब्यात भरून न्यायच्या. पहिल्याच वर्षी त्यांनी मला साधेपणानं सांगून टाकलं होतं, "आम्ही बौद्ध. आरतीला नाही येणार, राग मानू नको." मी राग मानला नाही आणि तो विषय तिथेच संपला. चौदा एप्रिलला त्यांच्या घरी आम्ही सगळे जायचो.

आता इस्टेटीची गोष्ट. आम्ही गावाबाहेरच्या एका लहान वस्तीत राहत होतो. वस्तीच्या पलीकडे एक जुनी मोठी इस्टेट आहे. मधोमध पांढरं घर, तळं, बीचची उंच झाडं, वळणावळणाचे रस्ते. सगळे तिला 'इंग्रजी बाग' म्हणतात, कारण कुण्या जुन्या मालकानं इंग्लंडमधल्या जमीनदारांच्या बागा पाहून येऊन तशीच बाग इथे करून घेतली होती. इस्टेटीच्या पलीकडे चर्च आणि त्याची दफनभूमी. आमच्या शेजारच्या ग्रीटबाईंचा नवरा तिथे पुरलेला आहे. ग्रीटबाई ऐंशीच्या पुढच्या. मला डच बोलायला त्यांनी शिकवलं, कॉफी आणि एकच बिस्किट देऊन. त्या चाकांची काठी, म्हणजे वॉकर, ढकलत इस्टेटीतल्या झाडांमधल्या रस्त्यानं दर रविवारी नवऱ्याकडे जायच्या.

मग इस्टेट विकली गेली. नव्या मालकानं त्या रस्त्यावर फाटक बसवलं आणि 'खासगी' अशी पाटी लावली. दफनभूमीला जायचं तर आता मोठ्या रस्त्यानं वळसा घालावा लागे. तिथे ट्रक धावतात आणि पायी चालायला जागाच नाही. वस्तीतल्या लोकांनी खेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, तक्रार केली. तिथून उत्तर आलं की रस्ता पूर्वापार सर्वांचा होता असं दाखवता आलं तर बघू. नवे मालक काही दुष्ट नव्हते. सायकलवाले आणि मोकाट कुत्री यांना ते कंटाळले होते. ते स्वतः ग्रीटबाईंकडे आले आणि फाटकाची एक किल्ली त्यांना देऊ केली.

त्या संध्याकाळी आम्ही तिघी ग्रीटबाईंच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. मला वाटत होतं की प्रश्न सुटला. सुजाताताईंना मात्र ते पटलेलं दिसत नव्हतं. मी त्यांना घरापर्यंत सोडायला निघाले तेव्हा वाटेत त्या बोलायला लागल्या. उमरेडकडच्या त्यांच्या गावात त्यांच्या वस्तीतून मसणात जायची एक पाणंद होती, शेताच्या कडेनं. शेतमालकानं तिथे काट्याचं कुंपण घातलं. वर तोंडानं म्हणायचा, मी कुठे नाही म्हणतो, काम पडलं की येऊन विचारा, मी कुंपण सरकवतो. त्यांच्या आजोबांना न्यायची वेळ आली तेव्हा घरच्यांनी विचारलं नाही. नदीच्या वाळूतून लांबचा फेरा घालून नेलं. सुजाताताई तेव्हा लहान होत्या, पण कुणाकुणाचे पाय वाळूत रुतत होते ते त्यांना आठवत होतं. वडील जमीन मोजणीच्या खात्यात भूकरमापक होते. त्यांनी गावनकाशाची नक्कल काढली, तिच्यावर ती पाणंद दाखवलेली होती. पुढे कितीतरी वर्षं अर्ज करून त्यांनी ती मोकळी करून घेतली.

"वाट होतीच ना व आमची," सुजाताताई गावाकडच्या बोलीत म्हणाल्या. "दर वेळी विचारायचं म्हणजे काय?"

पुण्यात वाढलेल्या मला कुठल्याच वाटेनं जाताना कुणाला विचारावं लागलं नव्हतं.

ग्रीटबाईंनी किल्ली घेतली. सुजाताताईंना वाईट वाटेल अशी मला धास्ती होती, पण पुढच्या रविवारी त्यांनीच ग्रीटबाईंसाठी ते जड फाटक उघडलं. म्हातारीला रविवार चुकवायला लावून मी कसलं तत्त्व सांगू, असं त्या म्हणाल्या. आणि सोमवारी मला विचारलं, "तुझ्याकडे गाडी आहे. आर्नहेमला येतेस का? जुने नकाशे बघायचे आहेत."

त्या हिवाळ्यात आम्ही कितीतरी वेळा आर्नहेमच्या अभिलेखागारात गेलो. त्यांना नकाशा वाचता यायचा आणि मला डच; विद्यापीठात त्यांचं सगळं इंग्रजीतच चालायचं. अर्थात जुनं डच म्हणजे वेगळंच प्रकरण होतं, एकेका ओळीवर माझा अर्धा तास जायचा. नेपोलियनच्या राजवटीत सुरू झालेल्या मोजणीचे नकाशे तिथे पाहायला मिळाले. हलक्या रंगांनी भरलेले, प्रत्येक तुकड्याला नंबर, घरं तांबडी. सुजाताताई हात मागे बांधून त्यांच्यावर वाकायच्या. "अगदी आपला गावनकाशा," त्या पुटपुटायच्या, "फक्त यावर चहा सांडलेला नाही." मी शेजारच्या नोंदी वाचून दाखवायचे, हा तुकडा कुरणाचा, हा बटाट्याचा, हा अमक्या विधवेचा. दुपारी आम्ही बाहेरच्या बाकावर डबा खायचो. थालीपीठ थंडीनं कडक झालेलं असायचं.

हळूहळू इस्टेटीचा भूतकाळ उलगडत गेला, आणि तो आम्हाला हवा तसा नव्हता. सगळ्यात जुना नकाशा इस्टेटीच्या फार जुन्या मालकांनी आखून घेतलेला होता, नुसत्या शाईचा. त्यात आज जिथे तळं आहे तिथे घरं होती. सहा-सात घरांची एक वस्ती, विहीर, फळझाडं. तिथून पाण्याच्या एका चराच्या कडेनं चर्चपर्यंत एक वाट जात होती आणि तिच्यावर 'चर्चची वाट' असं लिहिलेलं होतं. त्यानंतरच्या नकाशात वस्ती नव्हती. इंग्रजी पद्धतीची बाग करायची म्हणून मालकानं ती उठवली होती, घराच्या दिवाणखान्यातून नुसतं पाणी आणि झाडं दिसावीत म्हणून. माणसं आम्ही राहत होतो त्या जागी आणून वसवली. जुनी वाट नकाशातून गेली. आणि ग्रीटबाई ज्या रस्त्यानं जायच्या, जो वस्तीतले सगळे पूर्वापारचा म्हणत होते, तो मालकानं स्वतःच्या घोडागाडीसाठी नव्यानं काढलेला होता. खासगी. नवे मालक बरोबर होते.

मी हिरमुसले. म्हणाले, घोडागाडीचा नकाशा आपण दाखवूच नये, खेमेंटेत जुना तेवढा देऊ, फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही. सुजाताताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत.

"शेतमालकानं तेच केलं होतं गं," त्या म्हणाल्या. "माझ्या वडिलांच्या अर्जावर त्याच्या सोयीचा नकाशा दाखवायचा. आपण दोन्ही देऊ."

आणि खेमेंटेत न जाता त्या थेट मालकांकडे गेल्या. मी भाषांतराला सोबत होते. मालक उंच, शिडशिडीत, देशाच्या पश्चिम भागात धंदा करून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी आम्हाला दिवाणखान्यात बसवलं, त्याच दिवाणखान्यात, ज्याच्या खिडकीसाठी वस्ती उठवली होती. सुजाताताईंनी दोन्ही नकाशांच्या प्रती टेबलावर पसरल्या आणि आधी हेच सांगितलं, की फाटकाचा रस्ता तुमचाच आहे, आमच्या लोकांचं चुकलं. मालकांचा चेहरा जरा सैलावला. मग सुजाताताईंनी चराकाठची वाट दाखवली. मालकांनी बराच वेळ नकाशा पाहिला, उठून खिडकीशी गेले आणि तळ्याकडे बघत म्हणाले, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण चराकाठी आता नुसतं गवत आहे, तिथे कधी वाट होती हे कशावरून?

तेव्हा सुजाताताईंनी त्यांच्याकडे माती काढून बघायची परवानगी मागितली. मला ते ऐकून कसंतरी झालं, कारण विचारण्याबद्दल त्या काय बोलल्या होत्या ते माझ्या मनात होतं. त्यांना ते कळलं असावं. बाहेर पडल्यावर म्हणाल्या, "खड्डा त्याच्या जमिनीत पाडायचा आहे, तर विचारायलाच पाहिजे. वाटेनं चालायला नाही."

मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही चरावर गेलो. वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं. सुजाताताईंनी माती काढायचं लांब गिरमिट आणलं होतं. चरापासून दूर ते लोण्यात जावं तसं जात होतं. चराच्या कडेला मात्र वीतभर गेलं आणि अडलं. थोडं पुढे, पुन्हा अडलं. मालक कोट घालून बघत उभे होते. तिसऱ्या खेपेला त्यांनी गिरमिटाची दुसरी मूठ धरली आणि दोघांनी मिळून ते फिरवलं. वर आलेल्या मातीत विटांचे तुकडे होते, आणि घट्ट दाबली गेलेली काळी माती. सुजाताताईंनी ती बोटांनी फोडून दाखवली. अशी माती आपोआप होत नाही, त्या म्हणाल्या. तिच्यावरून खूप माणसं चाललेली असतात. चिखलात पाय बुडू नये म्हणून वस्तीतले लोक फुटक्या विटा आणून टाकत असणार. मालकांनी एक तुकडा रुमालात बांधून खिशात ठेवला.

पुढचं काम कंटाळवाणं होतं आणि ते बरेच महिने चाललं. खेमेंटेत बैठका झाल्या, नकाशे परत परत दाखवावे लागले. शेवटी चराकाठची वाट सर्वांसाठी म्हणून कायमची नोंदली गेली. मालकांनी स्वतः सही केली. वळणाची, लांबची आणि पावसात चिखलाची वाट. ग्रीटबाईंच्या चाकांच्या काठीला ती काही जमत नाही, त्या अजून फाटकातूनच जातात, आणि मालकांशी त्यांची आता चांगली मैत्रीही झाली आहे. वस्तीतले काही जण सुजाताताईंवर नाराज झाले. चांगला रस्ता घालवून चिखल मिळवला, असं एकजण माझ्या तोंडावर म्हणाला. सुजाताताईंना मी ते सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, बरोबर आहे त्याचं, लांब तर आहेच.

आजाराचं कळलं ते त्याच उन्हाळ्यात. पोटाचा कॅन्सर, पसरलेला. त्यांनी ते मला भाजी निवडता निवडता सांगितलं आणि मैत्रेयीची परीक्षा होईपर्यंत ती माझ्याकडे राहील का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. ऑक्टोबरमध्ये त्या नागपूरला गेल्या. जाईपर्यंत दर शनिवारी आम्ही दोघी चराकाठी चालायला जायचो. आधी चर्चपर्यंत, मग निम्म्यापर्यंत, मग नुसतं सुरुवातीच्या वळणापर्यंत. त्यांचं म्हणणं असं, की नोंद झाली म्हणून वाट राहत नाही, पाय पडले तर राहते. गवत फार लवकर वाढतं. म्हणून त्या मुद्दाम पाय घासत चालायच्या, आणि मी पुढे गेले की मला हाक मारायच्या, "दाबून चाल गं."

मैत्रेयी नागपूरहून परत आली आहे. खालच्या खोलीत अभ्यास करते, आणि पुन्हा इंग्रजीत बोलायला लागली आहे. गेल्या शनिवारी तिला म्हटलं, येतेस का चालायला? ती आली. पाऊस पडून गेला होता, बूट घोट्यापर्यंत भरले. निम्म्या वाटेवर समोरून एक जोडपं आलं, पाठीवर बाळ घेतलेलं. ओळखीचं नव्हतं. वाट अरुंद, म्हणून आम्ही दोघी बाजूला गवतात उभ्या राहिलो. त्यांनी 'दाख', म्हणजे नमस्कार, म्हटलं, आम्ही 'दाख' म्हटलं, आणि ते चर्चच्या दिशेनं गेले. मैत्रेयी त्यांच्याकडे वळून पाहत राहिली. मग गवतातून वाटेवर आली आणि पाय घासत चालायला लागली.