लहान झालेलं कोकरू

शिवराजनं ब्लॉगवर नवीन काही टाकलं की तेर गावातल्या देवकत्यांच्या घरी त्या दिवशीचा स्वयंपाक उशिरा व्हायचा. समृद्धी धाराशिवला तहसीलमध्ये कारकून होती. संध्याकाळच्या बसनं ती घरी आली की हातपाय धुवायच्या आधीच मोबाइल काढून भावाचं लिखाण मोठ्यानं वाचायची आणि आई, म्हाळसाबाई, परातीतलं पीठ तसंच ठेवून ऐकत बसायच्या.

शिवराज पवनचक्क्यांचा इंजिनिअर. आधी इकडंच ईट गावाच्या पुढच्या माळावर, मग सहा वर्षांपूर्वी स्कॉटलंडला. तिथल्या चक्क्यांवर चढायचं, बिघाड काढायचा, आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन हिंडायचं. जे दिसेल ते तो मराठीत लिहायचा. त्याचे वाचक पार नागपूर-कोल्हापूरपर्यंत होते. गावातली शाळामास्तर मंडळीही वाचायची.

वडील, बिरदेवअण्णा, लिखाणाकडं फारसं लक्ष देत नसत. ते शेवटच्या फोटोची वाट बघत. चाळीस वर्षं मेंढरं राखलेला माणूस. गुडघे गेले तसा कळप विकला. हे शिवराजला ठाऊक होतं. म्हणून लेख दीपगृहावर असो की जुन्या पुलावर, शेवटचा फोटो मेंढरांचा असायचाच. समृद्धी म्हणायची, "हा अण्णांचा." बापलेकांचं फोनवरचं बोलणं "बरा हाईस का" आणि "बरा हाय" यापुढं सहसा जात नसे. पण फोटो बघून अण्णा निरोप द्यायचे, मधल्या मेंढीचे खूर वाढल्यात, मालकाला सांग म्हणावं. शिवराज खरंच त्या मालकाला शोधून सांगून यायचा, आणि पुढच्या लेखात तेही लिहायचा. त्या दोघांचं काय बोलणं होतं ते एवढंच.

सप्टेंबरात एक लेख आला. गेल्या शनिवारी एका बेटावर गेलो होतो, असं सुरुवातीलाच लिहिलं होतं. शेवटी एक मेंढी आणि तिला लुचणारं कोकरू. अण्णांनी मोबाइल हातात घेतला आणि बराच वेळ परत दिलाच नाही. मेंढीच्या ढुंगणावर निळ्या रंगाची खूण, डावा कान फाटलेला. कोकराच्या नाकावर उजवीकडं बोटभर काळा डाग. या दोघांना त्यांनी आधी बघितलं होतं. त्यांनी समृद्धीला मागचे फोटो काढायला लावले. जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या लेखात तीच मेंढी, तोच फाटका कान, आणि तेच डागाचं कोकरू. पण तेव्हा ते उंचीनं आईच्या पोटाला लागत होतं. आता सप्टेंबरात ते तिच्या गुडघ्याएवढं होतं आणि त्याचे पाय अजून नीट ठरत नव्हते.

"दुसरं असंल," समृद्धी म्हणाली. "अन् फोटो कधीबी टाकता येतो अण्णा, त्यात काय."

दुसऱ्या दिवशी ती कामाला गेल्यावर अण्णांनी स्वतःच्या मोबाइलवर जुलैपासूनचे सगळे लेख बोटानं सरकवत बघितले. ऑगस्टातली मेंढरं अंगभर लोकर घेऊन उभी. त्या मुलखात लोकर जुलैत कातरतात, हे शिवराजनंच कधीतरी लिहिलं होतं. जूननंतरचा एकही फोटो त्या त्या महिन्यातला नव्हता.

मग त्यांना एकेक गोष्ट आठवत गेली. जुलैपासून त्यानं तोंड दाखवणारा फोन केला नव्हता. साधा फोनही नाही. रेंज नाही, कामावर आहे, नंतर करतो, सगळं लिहून. म्हाळसाबाई ते लिहिलेलं बघून समाधान मानायच्या. लिहिणारा हात कुणाचा आहे, हे कुणाला माहीत? एवढ्या उंच चक्क्यांवर चढणारं पोरगं. त्याचं काही झालं असेल, आणि घरच्यांना कळू नये म्हणून कुणी साथीदार त्याच्या नावानं जुने फोटो टाकत असेल. असंही लोक करत असतील.

ते एसटी स्टँडवर जाऊन बसले. तिथं सिद्धेश्वर मास्तर पेपर वाचत होते. अण्णांनी आडूनआडून विचारलं, परदेशातलं माणूस ठीक आहे का हे कुठं कळतं. मास्तर हसले. "तुमचा शिवराज आता तिकडचाच झाला अण्णा. गोरी सून आणंल, तुमाला सायब म्हणाया लावंल." बाकीचेही हसले. अण्णाही हसल्यासारखं करून घरी आले.

घरी म्हाळसाबाई शेजारच्या उमाबाईंना तेच कोकरू दाखवत होत्या. अण्णा मागच्या दारानं परसात गेले. आवाजाचा निरोप कसा पाठवायचा ते समृद्धीनं एकदा दाखवलं होतं. चारदा चुकून पाचव्यांदा जमलं.

"शिवराज, निळ्या खुणंच्या मेंढीचं कोकरू जूनमदी आईच्या पोटाला लागत व्हतं. आता गुडघ्याएवढं झालंय. कोकरू लहान हुत न्हाय रं बाबा. तू कुठं हाईस तेवढं सांग. दुसरं म्या काय इचारत न्हाय."

एक दिवस गेला, दुसरा गेला. अण्णा ताटातली भाकरी तशीच सोडून उठायचे. म्हाळसाबाईंनी पित्त झालं म्हणून आल्याचा रस दिला, तो ते मुकाट प्यायले. चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"अण्णा."

आवाज शिवराजचाच होता.

"मी पुण्यात हाय, अण्णा. जूनच्या अखेरीपासून."

एप्रिलमध्ये कंपनीनं माणसं कमी केली, त्यात तो होता. दुसरं काम मिळेना आणि तिथं राहायची मुदत संपली. पुण्यात उतरला तेव्हा वाटलं, महिन्याभरात काहीतरी लागेल, मग सांगू. काहीच लागलं नाही. दर पंधरा दिवसांनी जुन्या फोटोंतून एक काढायचा आणि आज तिथं गेलो असं लिहायचं, एवढंच काम उरलं होतं. हे सगळं तो सांगत होता ते जणू दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं. एवढे लोक वाचतात, कुणालाच कळलं नाही, म्हणाला.

"घरी ये," अण्णा म्हणाले.

"न्हाय. काय तोंड घेऊन यू? आईला सांगू नगा." मग तो म्हणाला, "सकाळी उठावंच वाटंना, अण्णा. कशाला उठायचं तेच कळंना झालंय."

अण्णांनी पत्ता मागितला. तो देईना. अण्णा फोन ठेवेनात. शेवटी तासाभरानं पत्ता आला.

सकाळी येडशीला रामलिंगाच्या दर्शनाला जाऊन येतो म्हणून ते निघाले. उभ्या आयुष्यात बायकोशी खोटं बोललेलं त्यांना आठवत नव्हतं. धाराशिवला पुण्याची गाडी धरली. बार्शी गेली, टेंभुर्णी गेली. शेजारच्या माणसानं दोनदा विचारलं, पाहुणं, काही दुखतंय का.

तिसऱ्या मजल्यावरची खोली. शिवराजनं दार उघडलं आणि बाजूला झाला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. खिडकीला चादर बांधलेली. कॅमेरा पिशवीत घालून कोपऱ्यात ठेवला होता, त्या पिशवीवर धूळ. अण्णा भिंतीला टेकून फरशीवर बसले. काय बोलावं हे त्यांना प्रवासभर सुचलं नव्हतं, आताही सुचेना. कळपातली मेंढी खाली बसली आणि उठेना झाली तर तिला ओढून उठवत नाहीत, तिच्याजवळ बसून राहतात. त्यांना तेवढंच येत होतं.

"पाचची गाडी हाय तुमाला," शिवराज म्हणाला. "दिवाळीला बघतो म्या."

"व्हय," अण्णा म्हणाले आणि जागचे हलले नाहीत. पाच वाजून गेले.

मग म्हाळसाबाईंचा फोन आला. रामलिंगाहून एवढा उशीर कसा, म्हणून त्या चिडल्या होत्या. शिवराजनं मान हलवली, नाही, नाही म्हणून. अण्णांनी त्याच्याकडं बघितलं. आज परत खोटं बोललं तर हे पोरगं या खोलीतच राहील, आणि पुढच्या वेळी फोनही उचलणार नाही.

"म्या पुण्यात हाय," ते म्हणाले. "शिवराज हितं हाय. जूनपासनं हितंच हाय."

मग म्हाळसाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "त्याला बोलाया लावा. मला त्याचा आवाज ऐकायचाय."

अण्णांनी हात लांब करून फोन शिवराजच्या कानापाशी धरला. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. पलीकडं म्हाळसाबाई वाट बघत होत्या, त्यांचा श्वास ऐकू येत होता. शिवराजचे खांदे हलत होते, पण शब्द येत नव्हता. अण्णांचा हात भरून आला, दंडापर्यंत कळ गेली. त्यांनी दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला आणि फोन तसाच धरून ठेवला.