रविवारचा मासा

समुद्रावर गेल्यावर कुठं जेवावं आणि काय प्यावं, हे माझ्या वडिलांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, ही गोष्ट वेगळी. आबा साताऱ्याच्या कोर्टात हेडक्लार्क होते आणि न पाहिलेल्या गोष्टींवर ठाम बोलायची त्यांना नोकरीमुळं सवयच लागली होती.

लढाईचे दिवस होते. आबांची भूक मेली होती. भाकरीचा तुकडा मोडायचे, ढेकर द्यायचे आणि ताट सरकवायचे. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर खाऱ्या हवेत राहा, सकाळ-संध्याकाळ चाला, भूक आपोआप लागेल. आई दाराआड उभी राहून ऐकत होती. तिचं माहेर खाली कोकणात, चिपळूणच्याही पलीकडं, अगदी समुद्राला लागून. लग्न होऊन ती घाट चढून वर आली ती आलीच. आईबाप गेले, भाऊ मुंबईला गिरणीत लागला, घराला कुलूप पडलं. मग माहेरी जायचं तरी कुणाकडं?

रोज ताज्या माशावर वाढलेली ही बाई, पण आमच्या घरात तिला मूठभर सुकट भाजायचीही चोरी. आबा म्हणायचे, वास येतो, आळीतले लोक नावं ठेवतील. मटणाला मात्र वास येत नसे, कारण मटण सांगलीच्या आजीला, म्हणजे आबांच्या आईला, आवडायचं.

"जातोयच तर एकदा ताजा मासा खाईन म्हणते," आई म्हणाली. सोन्याच्या पाटल्या मागाव्यात तशी भीत भीत.

"रविवारी बघू," आबा म्हणाले.

रविवारीच का, तर बाकीचे वार आईनं देवांना वाटून टाकले होते. सोमवार लग्नाआधीपासून महादेवाचा. मला विषमज्वर झाला तेव्हा मंगळवार गेला. आबांना बढती मिळावी म्हणून गुरुवार, सांगलीच्या आजीचे गुडघे बरे व्हावेत म्हणून शुक्रवार, आणि आबांना साडेसाती लागली म्हणून शनिवार. वशाट खायला उरले बुधवार आणि रविवार. आबांनी स्वतः एकही वार धरलेला नव्हता. वार आईनं धरायचे आणि गुण आबांना यायचा, अशी आमच्याकडं वाटणी होती.

निघायच्या आधी आबांनी नियम घातले. बाहेरचं काही खायचं नाही. खानावळीत तर पाऊलही टाकायचं नाही, तिथं कसलं तेल वापरतात देव जाणे. शहाळं प्यायचं नाही, ते थंड पडतं. कोकमानं दात आंबतात. मासा कफ करतो. आणि कोकणातलं पाणी बाधतं, म्हणून माहुलीच्या संगमावरून कृष्णेच्या पाण्याची घागर भरून, तोंडाला फडकं बांधून बरोबर घेतली. शिवाय दशम्या, लाडू, ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याच्या चटणीचा एवढा मोठा डबा. आम्ही हवापालटाला निघालो होतो की गडावर वेढ्यात बसायला, कुणास ठाऊक!

पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून मोटार कोळशाच्या धुरावर चालायची. म्हणजे मनात आलं तर चालायची. पाटण कसंबसं मागं टाकलं आणि हेळवाकच्या अलीकडं गाडी वाफा सोडत उभी राहिली. ड्रायव्हरनं आमच्या घागरीकडं बघितलं.

"सायेब, त्ये पाणी द्या हिकडं."

"अहो, कृष्णेचं आहे ते!"

"मग तर लयच बेस. न्हाईतर बसा हितंच रातभर."

गाडीनं सगळी कृष्णा गटागटा पिऊन टाकली आणि तरीही हलली नाही. रात्र हेळवाकच्या धर्मशाळेत गेली. आबांना तिथल्या आडाचं पाणी प्यावं लागलं आणि ते काही बाधलं नाही. याबद्दल मात्र ते पुढं कधी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी घाट उतरून, चिपळुणाहून बैलगाडी करून गावात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. तो दिवस बुधवारचा होता. आईच्या हातचे दोन वार, त्यातला एक रस्त्यातच सांडला. "रविवार हाय की अजून," एवढंच ती मला म्हणाली.

तिच्या माहेरच्या शेजारणीनं आम्हाला पडवी दिली होती. तिला आम्ही काकी म्हणायचो. गुरुवारी सकाळीच दारात कोळीण आली. टोपलीत बांगडे चकाकत होते. आईनं एक उचलला, कल्ला वर करून लालभडक आहे का बघितलं, अंगठ्यानं दाबून बघितला आणि परत ठेवला. शुक्रवारीही तेच, शनिवारीही तेच. मला तर वाटतं, तेवढ्यावरच तिचं अर्धं जेवण व्हायचं. "रविवारी सुरमई आण गं," असं तिनं कोळणीला बजावून ठेवलं. खोबरं कोण देणार, कालवणात टाकायची त्रिफळं कुठून आणायची, सगळं काकीबरोबर ठरलं होतं. आईला इतकी बडबड करताना मी साताऱ्यात कधीच पाहिलं नव्हतं.

आबा मात्र दशम्यांवर होते. समुद्राच्या दमट हवेत त्या दशम्यांना बुरशी आली. लाडूंना मुंग्या लागल्या. चटणी-भाकरी समोर आली की आबा हात हलवायचे, "नको, भूक नाही." पण फिरायला मात्र भारी उत्साहानं जायचे. रोज बंदराकडंच, आणि रोज जरा जास्त वेळ. परत आले की पाण्याचा तांब्या रिकामा करून आडवे व्हायचे. आई काळजीत पडली. म्हणाली, "हवा मानवंना की काय यांना?"

शनिवारी संध्याकाळी आबा गेले ते आलेच नाहीत. भरती चढत होती. आम्ही तिघी वाळूवर गेलो, तर लाटा जिथवर येत होत्या तिथं त्यांची वहाण पडलेली. एकच. ओलीचिंब. घाटावरच्या माणसाला भरती-ओहोटी काय कळणार? वहाणांत वाळू शिरते म्हणून त्या काढून ठेवल्या असतील आणि पुढं गेले असतील, असं काकी म्हणाली. मी रडायला लागले.

आई रडली नाही. टेकडीवर गावदेवीचं देऊळ होतं. तिकडं तोंड करून तिनं पदर पसरला आणि मोठ्यानं म्हणाली, "आई, माझं माणूस मला माघारी दे. माझ्यापाशी द्यायला दुसरं काय न्हाई. मी मासा सोडला. जल्माचा सोडला."

मग आम्ही बंदराकडं पळत सुटलो. कुणी बुडालेलं बघितलं का, हे विचारायला. बंदरावर एकच कंदील दिसत होता, खानावळीचा. काकी दारातून आत डोकावली आणि तिथंच थांबली. मी तिच्या हाताखालून आत बघितलं.

आबा पाटावर मांडी घालून बसले होते. समोर भाताचा ढीग, त्यावर लालजर्द कालवण, बाजूला तळलेल्या माशाचे काटे रचून ठेवलेले. कपाळावर घाम, नाकातून पाणी, आणि चेहऱ्यावर असं सुख की काय सांगू! खानावळवाला विचारत होता, "दादा, रोजच्यासारखी आणखी एक तुकडी आणू ना?"

रोजच्यासारखी! मला असा संताप आला, की हातातली ती ओली वहाण त्यांच्या ताटात फेकावी. पण आई दारातच मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. "हाईत," ती म्हणत होती, "जित्तं हाईत." आबांनी आम्हाला पाहिलं. घास हातातच राहिला. "अगं, मी... वहाणा वाळूवर काढून जरा चहा प्यायला आलो होतो," ते म्हणाले.

काकीनं आईला रात्री हळूच समजावलं, "अगो, देवीला काय कळत नाही? हे बुडालेच नव्हते. तुझा नवस लागूच होत नाही." आई म्हणाली, "मी मागितलं आणि तिनं दिलं. आता मागं कसं घेऊ?"

रविवारी सकाळी आबा स्वतः बंदरावर गेले आणि हातभर लांबीची सुरमई घेऊन आले. कोळणीची वाटसुद्धा बघितली नाही. "आज पोटभर खा," आईला म्हणाले. आवाजात इतकी माया मी कधी ऐकली नव्हती. आईनं मासा साफ केला, खोबरं वाटलं, त्रिफळं ठेचून टाकली. पडवीभर जो वास सुटला, त्याला त्या दिवशी कुणी नाव ठेवलं नाही. आबांनी पहिला घास खाल्ला आणि डोळे मिटले. "खानावळवाला काय करील असं!" ते म्हणाले. "तूही बस की आता."

"मी बसते नंतर. ताक-भात हाय माझा."

"ताक-भात? आज रविवार ना?"

"मासा सोडलाय मी."

"कधी?"

"काल."

"कशासाठी?"

आई चुलीकडं वळली. ती काही सांगणार नव्हती, म्हणून मी सांगितलं, "तुम्ही बुडालात असं वाटलं म्हणून."

आबांनी हळूच ताट सरकवायला हात पुढं केला, तेवढ्यात आईनं मधल्या काट्याजवळची, सगळ्यात चांगली तुकडी त्यांच्या ताटात वाढली.

"खावा," ती म्हणाली. "भूक लागावी म्हणूनच आलो न्हवं आपण?"