पुजारिणीचे नाव आणि दामले सरांचा उरलेला डोळा

डॉ. श्रीधर दामले सरांची आणि माझी पहिली भेट परदेशातल्या आमच्या माउंट रॉस्किल उपनगरातल्या एका हॉलमध्ये, मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. मी आवर्तने संपवून उठलो, तो सरांनी विचारले, "आपलं नाव? वडिलांचं? गाव?" गृहस्थांच्या घरी लग्नाची मुलगी असावी, असा मी समज करून घेतला. पुढे कळले, की प्राचीन अथेन्समध्ये नागरिकाची ओळख अशीच सांगत. गाव म्हणजे दीमोस, नगराचा एक लहानसा विभाग. सरांनी उभे आयुष्य अशा एकाच दीमोसच्या अभ्यासाला वाहिले.

तिथला गावप्रमुख, नाटकाचा खर्च उचलणारा धनिक, देवीची पुजारीण अशा ज्यांना गावाने मुकुट देऊन दगडावर गौरवले, त्यांची चरित्रे सर लिहितात. म्हणजे सर मुळात गौरवलेखांचेच परीक्षक. हा लेख त्यांच्या हाती पडणार, याची मला धास्ती आहे.

विद्यापीठाने सरांचा विभाग बंद केला, तेव्हा दगडांवर ओला कागद थापून घेतलेले शिलालेखांचे ठसे टाकून द्यायला काढले होते. आम्ही ते गाडीत घालून सरांच्या गॅरेजमध्ये आणले. "ह्यांचं गाव आत राहतं, माझी गाडी पावसात," असे सुमनताई, सरांच्या पत्नी, म्हणतात. ठशांवर प्लास्टिक मात्र त्याच घालतात.

माझी आई पुण्यात वारली, तेव्हा साथीमुळे विमाने बंद होती. सर घरी आले. सांत्वन केले नाही. आईचे नाव, तिच्या वडिलांचे, तिचे गाव विचारून घेतले, तिन्हींचा स्पष्ट उच्चार केला आणि शेजारी बसून राहिले.

काचबिंदूने सरांचा एक डोळा गेला. दुसराही चालला आहे. त्यातच त्यांच्या ध्यानात आले, की त्या पुजारिणीचे नाव आपण पूर्वी चुकीचे वाचून छापले. तिचा मुकुट भलत्याच बाईला दिला. आता रविवारी मी ठशावर टॉर्च तिरका धरतो आणि सर भिंगातून झिजलेली अक्षरे लावतात. नात ईरा एकदा म्हणाली, "आजोबा, शी इज डेड. हू केअर्स?"

"तीच अडचण आहे, बाळा. तिची केअर करणारे सगळेच डेड आहेत."

या गौरवग्रंथाचे सांगायला गेलो, तर सर म्हणाले, "माझं कौतुक सावकाश छापा. आधी चूक छापा."

"बरोबर नाव काय लिहू?"

"सुरुवातीची अक्षरं लागलीत. थांबा जरा."

आम्ही थांबू; डोळा थांबेल, असा भरवसा त्याचे डॉक्टर देत नाहीत.

पंचाहत्तरीनिमित्त सरांना दीर्घायुष्य लाभो, आरोग्य लाभो. पण मागणे क्रमाने मागायचे, तर आधी तो उरलेला डोळा टिको. त्या नावाच्या दुरुस्तीसाठी संपादकांनी या लेखाखाली अर्धे पान राखले आहे. ते आपल्या हाती कोरे आले, तर सर अजून वाचत आहेत, असे समजावे.