दोन असाहेल आणि लोविनाची जागा

माझी नणंद लोविना थ्रॉल हिचा सगळा जन्म व्हर्मांटच्या या एकाच डोंगरावर गेला. गाई, मेपलचा पाक, दगडांनी भरलेलं गवताचं रान, एवढाच तिचा संसार. तरुणपणी एका भल्या माणसानं मागणी घातली होती. तो पश्चिमेला सपाट जमीन घेऊन राहणार होता. भला होता हे वन्सं स्वतःच सांगतात, पण त्यांनी नाही म्हटलं. थ्रॉल माणूस डोंगर सोडत नाही, म्हणाल्या.

हे त्यांना असाहेलकडून मिळालेलं. असाहेल थ्रॉल म्हणजे आमच्या घराण्यातला पहिला शेतकरी. त्यानं इथलं जंगल तोडलं, शेतातले दगड बैलांनी ओढून कुंपणं रचली आणि मेला तोही इथेच, असं घरात सगळे सांगत आलेले. वरच्या जुन्या कबरस्थानात त्याच्या नावाची काळ्या पाटीच्या दगडाची शिळा आहे. लहानशी, नावापर्यंत मातीत रुतलेली. गरिबाची शिळा लहानच असायची, असं वन्सं म्हणत. मे महिन्याच्या अखेरीस सगळे आपापल्या कबरींवर फुलं ठेवतात, वन्सं मात्र दर रविवारी प्रार्थनेनंतर वर जात आणि असाहेल आजोबांना आठवड्याची हकिकत सांगत. कुठली गाय आटली, गवत कधी कापायचं, मी भाजलेल्या ॲपल पायचं वरचं आवरण कसं चामड्यासारखं झालं होतं, सगळं.

मरणानंतर त्यांना त्याच्याच शेजारी जागा हवी होती. खाली गावात आईवडिलांजवळची त्यांची जागा त्यांनी कधीच आम्हा नवराबायकोला देऊन टाकली. स्वतःच्या नावाची शिळाही कोरून घेतली, फक्त मरणाचं साल मोकळं ठेवून. या वसंतात ती बसवायची होती.

त्याच सुमाराला ओहायोहून वर्लिन थ्रॉल आला. निवृत्त माणूस, घराण्याची मुळं शोधत गावोगाव हिंडणारा. वन्संना तो आवडला, कारण त्यानं ॲपल पायबरोबर इथल्यासारखं चीज मागून घेतलं. "ओहायोकर असून खायची रीत कळते," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सगळे वर गेलो. थंडीत जमीन गोठून फुगल्यानं असाहेलची शिळा कलंडली होती, ती सरळ करायला दगडवाला क्लेटन आलाच होता. त्यानं ती सावकाश उपसून बाहेर काढली. खालची माती पुसली, तर आजवर कुणी न पाहिलेल्या ओळी निघाल्या. असाहेल, जोसाया आणि प्रूडन्स यांचा मुलगा, वय वर्षे चार.

 मग आमचे हे म्हणाले, "चार वर्षांच्या पोराचे आपण वंशज कसे?"

वर्लिननं फोनवर एक फोटो दाखवला. ओहायोतली मोठी पांढरी शिळा. त्यावरही असाहेल थ्रॉल, आईबापांची नावं हीच, जन्म याच डोंगरावर, मरण ओहायोत, वय ऐंशीच्या पुढे. तो म्हणाला की त्या काळी मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायचे. पहिला असाहेल चौथ्या वर्षी गेला, दुसरा जन्मला. त्या दुसऱ्यानं इथलं रान मोकळं केलं, आणि म्हातारपणी थोरल्या मुलाला इथे ठेवून धाकट्याबरोबर ओहायोला गेला. थोरल्याचे आम्ही, धाकट्याचा वर्लिन.

माझ्या काही केल्या ते डोक्यात बसेना. घरी येऊन पोळपाटावरच्या पिठात बोटानं दोन असाहेल काढले, रेघा ओढल्या, पुसल्या, पुन्हा काढल्या. एकाच आईला एकाच नावाची दोन मुलं. प्रूडन्सनं दुसऱ्याला हाक मारली की तिला कोण आठवत असेल? आणि वन्संनी एवढी वर्षं कुणाला हकिकती सांगितल्या? पाळकांना विचारलं. ते म्हणाले, प्रभूला दोघेही ठाऊक आहेत. खरं आहे, पण प्रश्न प्रभूचा नव्हता, वन्संचा होता.

वन्संनी चुलीजवळची खुर्ची धरली. दोन दिवस दूध काढायला गेल्या तेवढ्याच. मग मला म्हणाल्या, "ॲडलाइन, तो गेला गं. चांगला म्हातारा होऊन गाडीत बसून गेला. आणि मी त्याच्या नावावर त्या पश्चिमेच्या माणसाला नाही म्हणाले."

मी त्यांना कॉफी ओतून दिली.

वर्लिन म्हणाला, ओहायोत खऱ्या असाहेलशेजारी जागा आहे, वन्संची शिळा तिकडे नेऊ. ह्यांनी सांगितलं की आईजवळची जागा परत घे, आमचं आम्ही बघू. मला तर ही दोन्ही आणि शिळा ठरल्या जागीच बसवणं, तिन्ही बरोबर वाटायचं, सकाळी एक, दुपारी दुसरं. रात्री देवाजवळ मागायला बसले तर काय मागावं तेच कळेना.

शनिवारी क्लेटन वन्संची शिळा गाडीत घालून दारात उभा राहिला. कुठे नेऊ, एवढंच विचारलं. वन्संनी डोक्याला रुमाल बांधला आणि गाडीत पुढे बसल्या. आम्ही मागून गेलो. वर पोहोचल्यावर वन्सं सरळ करून बसवलेल्या त्या लहान शिळेपाशी उभ्या राहिल्या.

"इथेच."

"लोविना, तो आपला आजोबा नव्हे," हे म्हणाले.

"कळतंय मला. मी विचार केला. या पोराचा बाप गेला, आई गेली, धाकटा भाऊ तर ओहायोला गेला. डोंगर न सोडलेला असाहेल हा एकटाच. मी म्हणत होते तो हाच की."

वर्लिन म्हणाला, तो बिचारा सोडणार कसा, चार वर्षांचा.

"मी तरी कुठे सोडणार होते?" वन्सं म्हणाल्या, आणि क्लेटनला म्हणाल्या, शिळा जरा अलीकडे घे, पोराच्या डोक्यावर उभी नको.

क्लेटननं जरा अलीकडे खड्डा खणला. वन्सं त्याचं काम बघत राहिल्या. शिळा बसली, वर्लिननं फोटो काढला. परतताना वन्सं मला हळूच म्हणाल्या, "आजोबा म्हणायचे मी त्याला. आता काय म्हणू?"

 उद्या रविवार आहे. त्या वर जाणार म्हणाल्यात.